भिंतीतून जायचं नाही

"नवीन व्हर्जन येऊ दे, मग बघू."

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा त्याला हुंकार दिला असता. ऑफिसच्या पंख्याला तेल घालायचं असो, सायकलची घंटी बदलायची असो की डॉक्टरला दाढ दाखवायची असो, माझ्या शेजारी नकाशे काढणाऱ्या काकांचं उत्तर ठरलेलं. दाढेचा आणि नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरचा काय संबंध, असं एकदा मी विचारलंच. गाल धरून म्हणाले, "संबंध काही नाही ग. पण एवढं मोठं काम समोर दिसत असताना माणसाने छोट्या कामात कशाला उलझायचं?"

आमचं ऑफिस इंदूरला स्नेहलतागंजात, स्कूटरच्या स्पेअरपार्ट्‌सच्या दुकानावर होतं. मालक एक तरुण आर्किटेक्ट. त्यांना आम्ही सर म्हणायचो, आणि ते काकांना दादा म्हणायचे. मी नुकतीच पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली. काका माझ्या वडिलांहून मोठे. त्यांचे वडील मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले, आणि काका त्याच मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत म्हातारे व्हायला लागले होते. तेवढ्यात मिल बंद पडली. त्या काळात शहरातल्या मिला एकामागून एक थंड होत होत्या. ज्यांचं घड्याळ भोंग्यावर चालायचं ती माणसं भरदुपारी ओट्यांवर बसलेली दिसायची. कोणी ऑटो घेतली, कोणी शेवेची गाडी लावली. काका मात्र सरळ जाऊन कम्प्युटरच्या क्लासमध्ये बसले, नातवाच्या वयाच्या पोरांच्या बाकावर. पोरं पेंगायची आणि काका लिहून घ्यायचे.

तेव्हा कम्प्युटरला देवघराचा मान होता. त्याच्यासाठी लाकडी पार्टिशन घालून वेगळी खोली केली होती, ऑफिसातला एकुलता एक ए.सी. तिथे होता, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा सरांचा नियम होता. पहिल्याच महिन्यात सर स्वतः तो नियम विसरले. मी आठवण असली तर पाळायचे. काका मात्र दाराशी थांबून चपला जोडीने नीट ठेवायचे, पाय पुसायचे आणि मगच आत जायचे. मॉनिटर झाकायला त्यांनी काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा आणला होता. सकाळी तो काढून चार पदरी घडी घालायची आणि संध्याकाळी परत घालायचा. पाहुण्यांसमोर सरांना त्या फुलाफुलांच्या तुकड्याची लाज वाटायची, पण काकांना सांगणार कोण.

मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर ट्रेसिंग पेपरवर शाईने काम केलं होतं. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने खरवडायची, नवी मारायची आणि ती सुकेपर्यंत हळू फुंकर घालायची. कम्प्युटरवर आले तरी हात जुनेच होते. काही चुकलं की उजवा हात आधी खिशातल्या ब्लेडकडे जायचा, मग भानावर येऊन माउसकडे यायचा. एखादी महत्त्वाची रेघ पुरी झाली की काका खुर्चीत पुढे वाकून स्क्रीनवर फुंकर घालायचे. मी हसले तर म्हणायचे, "हस, हस. पण माझी रेघ कधी फिसकटलेली बघितली?"

त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली देवाचा फोटो नव्हता की घरच्यांचा नव्हता. तिथे मासिकांतली कात्रणं होती. स्टेशनवरच्या स्टॉलवर कम्प्युटरचं मासिक आलं की काका उभ्या उभ्या वाचायचे आणि आपल्या कामाचं पान दिसलं तरच विकत घ्यायचे. पुढच्या व्हर्जनमध्ये काय येणार, दिल्लीत ते कोणाकडे आलं, मुंबईत त्याचं काय म्हणतात, सगळं तोंडपाठ. तेरावं व्हर्जन यायचं होतं तेव्हा तर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. काकू एकदा डबा द्यायला ऑफिसात आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तेराव्याची एवढ्या आनंदाने वाट बघणारा माणूस मी पहिल्यांदाच बघून राहिली."

तेरावं आलं आणि काका आठवडाभर स्टेशनवरच्या स्टॉलकडे फिरकले नाहीत. त्यांना हवी ती गोष्ट त्यात नव्हती.

ती गोष्ट म्हणजे भिंत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा. दार जरा सरकवलं की जुन्या जागी भगदाड पडायचं, ते हाताने बुजवायचं, नव्या जागी रेघा तोडायच्या, आणि मग समोरून दिसणाऱ्या चित्रात तेच सगळं पुन्हा करायचं. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की येत्या एखाद्या व्हर्जनमध्ये दार सरकवलं की भिंत आपली आपण सांधली जाईल. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

"तिला कळेल ग, की ती भिंत आहे. आत्ता तिला माहितीच नाही."

हे कौतुक दुसऱ्यांच्या कामापुरतं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. सरांच्या गिऱ्हाइकांची कामं काका वेळेवर हातावेगळी करायचे. "दादा, पार्टी नीचे खड़ी है," म्हणून सर दारात आले की काका शांतपणे प्रिंट हातात ठेवायचे, व्हर्जन कोणतंही असो. अडलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या घराचं.

मिलच्या कामगारांच्या सोसायटीत त्यांना विजय नगरकडे प्लॉट मिळाला होता. आज तिथे मॉल आणि ऑफिसं आहेत, पण तेव्हा तिकडे जायचं म्हणजे गाव सोडून गेल्यासारखं वाटायचं. सोयाबीनचं शेत, मध्ये हद्दीचे दगड, आणि एका दगडावर काकांचा नंबर. घराचा पहिला नकाशा त्यांनी केव्हाच काढला, सरांनी तो पासही करून आणला. पण पास होऊन आला त्या दिवशीच काकांनी तो जुना ठरवला. नकाशाच्या कोपऱ्यात बदलाचं अक्षर लिहायची पद्धत असते, पहिला बदल ए, दुसरा बी. काकांची इंग्रजी अक्षरं संपली तेव्हा त्यांनी क ख ग सुरू केलं. मी नोकरीला लागले तेव्हा घर 'ट' वर होतं.

इकडे मिलच्या क्वार्टर्स रिकाम्या करायच्या होत्या. नोटीस लागली, मुदत संपली, वाढवून मिळाली, पुन्हा संपली. शेजारची कुटुंबं एकेक करून गेली. काकूंच्या भावाने जुन्या इंदुरातल्या आपल्या घरातली मागची खोली देऊ केली होती. काकू संस्थानच्या पागेत, घोडदळात असलेल्या माणसाची नात. ताठ मानेच्या. मला म्हणाल्या, "भाऊ चांगला आहे ग, भाभी पण चांगली. पण म्हातारपणी दुसऱ्याच्या किचनमध्ये विचारून विचारून चाय करायची, हे मला जमणार नाही. मला माझा ओटा पाहिजे. बस."

काकांनी त्यांना एकदा कम्प्युटरवर घर दाखवलं. मी शेजारीच होते. काकूंना खुर्चीत बसवलं, चपला अर्थातच बाहेर, आणि काका एकेक खोली मोठी करून दाखवायला लागले. काकू लक्ष देऊन बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं छान आहे. कपडे कुठे वाळत घालू?"

काका चमकले. "त्याचं नवीन व्हर्जनमध्ये बघू."

घर 'ठ' वर गेलं.

मला मनातून राग यायचा. सहनशील बाई मिळाली म्हणून माणसाने तिला किती ताणावं, असं वाटायचं. एका दुपारी लाइट गेली, कम्प्युटरची खोली तापायला लागली आणि आम्ही दोघं बाहेर गॅलरीत येऊन उभे राहिलो. खाली स्पेअरपार्ट्‌सवाल्याकडे कोणीतरी स्कूटर सुरू करायला किक मारत होतं. मी विचारलं, "काका, पास झालेल्या नकाशात वाईट काय आहे? सरळ बांधून टाका ना."

ते कठड्यावर वाकून खाली स्कूटरकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मिलमध्ये मी एवढे नकाशे काढले. नवीन शेडचा काढला, तो मंजुरीला गेला नी गेलाच. कँटीनचा तसाच. माझ्या हातचं खरंखुरं काय बांधलं गेलं, माहिती आहे? सायकल स्टँड."

"मग, चांगलंच आहे की."

"ऐक तर. नकाशात मी सायकल म्हणून एक रेघ काढली. एकेक सायकल एकेक रेघ. मस्त बसल्या ना रेघा, साहेब पण खूश. बांधून झालं आणि पहिल्याच दिवशी सगळी हँडलं एकमेकांत अडकली. हँडल काढायचं राहिलंच होतं. रेघेला कुठे हँडल असतं?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"शिफ्ट सुटली की अख्खी लाइन हँडलं सोडवत उभी. जो तो म्हणतोय, किस गधे ने बनाया है ये. मी पण त्यांच्यातच, माझी सायकल काढून राहिलो. मी पण म्हणायचो, किस गधे ने बनाया. काय करणार? इतकी वर्षं, बेटा, रोज. आणि बंद झाल्यावर एकदा गेलो. वॉचमन ओळखीचा, त्याने आत सोडलं. पूर्ण स्टँड खाली, एक सायकल नाही. एकदम मस्त जागा वाटून राहिली होती. मला वाटलं, कोणीतरी यावं नी एक शिवी द्यावी."

खालची स्कूटर एकदाची सुरू झाली. काका ती जाताना बघत राहिले.

"मला शिव्यांचं काही नाही. पण हिने आयुष्य क्वार्टरमध्ये काढलं. आता तिच्या घरात पण तिने रोज मनातल्या मनात म्हणावं, किस गधे ने बनाया? ते नको. नवीन येऊन राहिलंय ना, त्यात भिंतीला कळतं. चूक झाली तर ती सांगेल मला."

त्यानंतर मी त्यांना घाई करायला सांगितलं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काळजी येऊन बसली. काकूंची तर होतीच, आता काकांचीही वाटायला लागली.

भिंतीवालं व्हर्जन अखेर आलं. आमच्या कम्प्युटरला ते पेलेना, म्हणून सरांना त्याची मेमरी वाढवून घ्यावी लागली. त्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मॉनिटरला त्यांनी हळदीकुंकू वाहिलं. मग एक भिंत काढली, तिला काटकोनात दुसरी जोडली, आणि कोपरा आपोआप सांधला गेला. काकांनी मध्ये दार बसवलं आणि सरकवलं. मागची भिंत गुपचूप भरून आली. त्यांनी फुंकर घालायला तोंड पुढे नेलं आणि तसेच थांबले. डोळे भरले होते. सरसुद्धा दारात उभे राहून बघत होते, आणि त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या होत्या.

मग काकांनी आपलं घर उघडलं. दाराला हात लावला, दार सरकलं, आणि जुन्या जागी भगदाड तसंच राहिलं. जुन्या रेघा त्या जुन्या रेघाच. नव्या व्हर्जनने त्यांना काही शिकवलं नव्हतं.

मला वाटलं आता हे कोसळणार. ते खुशीत म्हणाले, "बरोबरच आहे. पूर्ण नवीन काढावं लागेल. पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. डबा नव्हता, हातात फक्त पिशवी. काका आत नवीन भिंती काढत होते. काकू माझ्या टेबलाशी बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "क्वार्टरची लाइट कापली. कंदिलावर किती दिवस काढणार? ठेकेदाराशी बोलून आले मी. रविवारी आखणी आहे. पास झालेला नकाशा दे, सरांना विचारून दे."

सरांनी लगेच हो म्हटलं. नकाशाची अमोनियाच्या वासाची निळी प्रत मी त्यांच्या हातात ठेवली. मग त्या कम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी गेल्या, उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाल्या, "रविवारी सकाळी प्लॉटवर आखणी आहे. मी जाणार. तुम्हाला यायचं तर या."

काकांनी वळून बघितलं. "अग, फक्त थोडे दिवस..."

"तुमचं सगळं खरं असेल हो," काकू म्हणाल्या. "पण मला भावाकडे नाही जायचं."

त्या गेल्यावर काकांनी त्या दिवशी एकही रेघ मारली नाही.

रविवारी मी गेले. सोयाबीन कापून झालं होतं, जमीन मोकळी पडली होती. ठेकेदार माळव्यातलाच, डोक्याला पंचा बांधलेला, भला माणूस. त्याने आणि त्याच्या माणसांनी खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या, आणि सुतळीवरून चुन्याची फक्की सोडत घर जमिनीवर उतरवलं. काकूंनी नारळ आणला होता. काका आले नव्हते. काकू मुद्दाम रस्त्याकडे बघत नव्हत्या, हे मला समजत होतं.

ऊन चढायच्या आत काका सायकलवरून आले. सायकल लांब लावली आणि हद्दीच्या दगडाशी येऊन उभे राहिले. पुढे येईनात. पांढऱ्या रेघांकडे बघत म्हणाले, "ही पण रेघच आहे."

"विटा लागल्या की कळेल तिला," काकू म्हणाल्या, आणि ठेकेदाराला ओटा कुठे घ्यायचा ते दाखवायला गेल्या.

ठेकेदार त्यांच्यामागून रेघ ओलांडून सरळ स्वयंपाकघरात शिरला. काका दगडाशी उभ्या उभ्या ओरडले, "ओ भिया, दीवार में से मत निकलो. दरवाज़ा उधर है।"

ठेकेदाराने पायाखाली बघितलं, मग काकांकडे बघितलं. काय समजायचं ते समजला आणि बाहेर येऊन, वळसा घालून, चुन्यात सोडलेल्या दाराच्या जागेतून पुन्हा आत गेला. मीही तशीच गेले. हसू येत होतं, पण रेघेवर पाय टाकायची हिंमत झाली नाही.

ठेकेदार म्हणाला, "माँजी, खड़े होके बताओ, कितनी जगह चाहिए।"

काकू ओट्याच्या जागी उभ्या राहिल्या. हवेतच पोळपाट मांडला आणि दोन्ही हातांनी लाटणं फिरवायला लागल्या. आयुष्यभर केलेलं काम, त्यामुळे खरी पोळी असल्यासारखे हात फिरत होते. उजवं कोपर मागे आलं आणि चुन्याच्या रेघेच्या पलीकडे गेलं. पुन्हा पुढे आलं, पुन्हा पलीकडे गेलं.

"थांब," काका म्हणाले. "तुझं कोपर भिंतीत जाऊन राहिलंय."

काकू तशाच थांबल्या. मीही बघितलं. पास झालेल्या नकाशात, त्यानंतरच्या सगळ्या अक्षरांत आणि भिंतीवाल्या व्हर्जनमध्येसुद्धा ते कोपर कोणी काढलं नव्हतं.

काका निघाले. धावतच निघाले, आणि तरी भिंत ओलांडली नाही. पूर्ण वळसा घालून दारापर्यंत आले, तिथे थांबले, चपला काढल्या, जोडीने बाजूला ठेवल्या आणि मग आत आले. ठेकेदाराची माणसं बघत राहिली. मला एकदम रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

पायाने त्यांनी जुनी रेघ पुसली. ठेकेदाराच्या हातातून फक्की घेतली आणि हातभर मागे, सुतळी न लावता, सरळ रेघ सोडत गेले. शेवटाला सवयीने वाकून फुंकर घातली. चुना उडून ठेकेदाराच्या तोंडावर बसला. तो बिचारा डोळे मिटून तसाच उभा राहिला.

"हं," काका म्हणाले. "आता लाट."

काकूंनी पुन्हा पोळी लाटायला घेतली. कोपर मागे आलं, पुढे गेलं, कुठे लागलं नाही. काका बाजूला उभे राहून बघत होते. एक पोळी झाली, दुसरी झाली, तरी थांब म्हणेनात.

ठेकेदाराने पंच्याने तोंड पुसलं आणि दबकत विचारलं, कारण या माणसाची कीर्ती त्याच्या कानावर गेली असणार. "बाबूजी, पक्का समझूँ? के फेर बदलोगे?"

काकांचा उजवा हात खिशाकडे गेला. तिथे अर्धं ब्लेड होतं, मला माहीत होतं. हात तसाच परत आला.

"पक्का," ते म्हणाले. "खोदो।"

पाया दाराकडूनच खणायचा होता. माणसं कुदळी घेऊन आली तेव्हा ठेकेदाराने काकांच्या चपला स्वतः उचलल्या आणि घराबाहेर, हद्दीच्या दगडाशी नेऊन ठेवल्या.